नववी-दहावीत मागे पडलेल्या लेकरासाठी: विदर्भातल्या गावात राहून काय काय करता येतं

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरली की प्रथम सत्राचे गुण हातात पडतात. घरी तेव्हा कापसाचा वेचा सुरू असतो, सोयाबीन आता विकायचं की भावाची वाट पाहायची हा घोर असतो, आणि त्यात हा कागद. ४० पैकी गणितात ७, इंग्रजीत ९, विज्ञानात ११. मग बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर पोराला बदडलं जातं, नाहीतर तालुक्याच्या गावी शिकवणी लावली जाते. या दोन्हींच्या आधी करण्यासारखं बरंच काही आहे आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागतं ते योग्य माणसाला, योग्य महिन्यात, नेमकं विचारणं.

ज्यांच्या घरात दहावीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच लेकरू आहे, त्या आईबापांसाठी आणि मोठ्या भावाबहिणींसाठी हे लिहितो आहे.

पहिली पायरी: अडलंय कुठे ते शोधा

‘त्याचं गणित कच्चं आहे’ या वाक्याने काहीच हाती लागत नाही. कच्चं म्हणजे किती, आणि कुठून? दहावीचं वर्गसमीकरण घ्या. दोन अशा संख्या शोधायच्या की गुणाकार उणे १२ आणि बेरीज उणे १ आली पाहिजे. मुलगी ४ आणि ३ पर्यंत बरोबर येते. उणे कोणाला द्यायचं इथे अडते. ३ ला देते, बेरीज अधिक १ येते, खोडते. दोघांनाही देते, गुणाकार अधिक १२ होतो, पुन्हा खोडते. शेवटी शेजारच्या बाकावरून उतरवून घेते आणि वहीत उत्तर बरोबर दिसतं. या मुलीला वर्गसमीकरण समजलेलं आहे. तिला ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी येत नाही, आणि ती खालच्या वर्गांत शिकवून झालेली आहे. तिला दहावीची शिकवणी लावली तर दहावीचाच धडा दुसऱ्यांदा ऐकायला मिळेल.

घरी अर्धा तास काढा आणि तीन गोष्टी बघा. तुम्ही शिकलेले नसलात तर गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या ताईला किंवा दादाला बसवा.

आधी वाचन. पाचवी-सहावीचं मराठीचं पुस्तक कुणाकडूनही आणा, एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि पुस्तक मिटून त्यात काय होतं ते विचारा. अडखळत वाचलं पण सांगता आलं, तर काळजी थोडी. घडाघडा वाचलं आणि काहीच सांगता आलं नाही, तर खरा प्रश्न तिथे आहे, आणि तो इतिहासापासून विज्ञानापर्यंत सगळ्या पेपरांत गुण खातोय. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी किंवा माडिया, यवतमाळच्या काही भागांत कोलामी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे जास्त तपासा. पुस्तकाची मराठी त्यांच्यासाठी शाळेतच भेटलेली भाषा असते. मुलगा मंद आहे असा शिक्का मारण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

मग गणितं. हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने भागाकार, दोन अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्या, शेकडेवारी. प्रत्येकी दोन-दोन घाला. कुठे गाडी थांबते ते दिसेल, तिथून मागे जायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे वही. वही कोणत्या तारखेला तुटते ते बघा. ऑगस्टात तीन आठवडे कोरे असतील तर तेव्हा काय झालं होतं? धानपट्ट्यात रोवणी असते, कुणाकडे आजारपण असतं, कुठे नाल्याला पूर आला की एसटी बंद पडते. त्या तीन आठवड्यांत झालेला धडा पुढच्या चार धड्यांचा पाया असेल, तर बाकी सगळं आपोआप कच्चं राहतं. ही वही पुढच्या पायरीला शाळेत सोबत न्यायची आहे.

दुसरी पायरी: तब्येत तपासून घ्या, विशेषतः सिकलसेल

ही पायरी बहुतेक जण गाळतात. फळ्यावरचं दिसत नाही हे पोरं सांगत नाहीत, कारण दिसतं म्हणजे किती दिसतं हे त्यांना तरी कुठे माहीत असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळांमध्ये तपासणीला येतं. ते येऊन गेलं का आणि आपल्या मुलाबद्दल काय लिहून गेलं, ते वर्गशिक्षकांना विचारा. चष्मा लागणार असेल तर सरकारी रुग्णालयातून शाळकरी मुलांना तो मोफत मिळण्याची सोय आहे.

दुसरं, सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ आणि मेळघाट या पट्ट्यात हा आजार बराच आढळतो. मूल वारंवार ‘अंग दुखते’ म्हणून शाळा बुडवत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, लवकर दमत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. पहिली तपासणी साधी असते, ती होकारार्थी आली तर पक्की तपासणी पुढच्या रुग्णालयात होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत, त्यांत सिकलसेल आहे आणि अध्ययन अक्षमताही आहे. म्हणजे प्रमाणपत्र असेल तर परीक्षेतल्या सवलतींसाठी शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे अर्ज करता येतो.

अध्ययन अक्षमतेचं थोडं वेगळं आहे. तोंडी विचारलं तर सगळं सांगणारा, हुशारीने बोलणारा, पण लिहिताना अक्षरं उलटसुलट करणारा, फळ्यावरून उतरवताना ओळ गाळणारा मुलगा प्रत्येक शाळेत एखाद-दुसरा असतोच. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम पाहणारे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांनी कळवलं तर ते मुलाला बघून पुढचा रस्ता सांगतात. प्रमाणपत्र मात्र सरकारी रुग्णालयातूनच घ्यावं लागतं. ते झालं तर गरजेप्रमाणे पेपरला जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळू शकतात. पण हे सगळं नववीतच सुरू करा. दहावीच्या जानेवारीत रुग्णालयाच्या चकरा मारणारे पालक दरवर्षी दिसतात. तोवर सवलतीचे प्रस्ताव पाठवायची वेळ बहुधा टळलेली असते.

तिसरी पायरी: शाळेत जाऊन नेमकं विचारा

आपल्याकडे बाप शाळेत जातो तो बोलावणं आल्यावर, आणि तिथे जाऊन अपराध्यासारखा उभा राहतो. संवाद बहुधा असा होतो:

‘सर, पोट्टं अभ्यासाले बसतच नाही. तुमीच मारा त्याले दोन.’

‘भाऊ, लक्ष द्या घरी. मोबाइल काढून घ्या.’

‘हो सर.’

झालं, भेट संपली. दोघंही खरं बोलले आणि हाती काहीच लागलं नाही. त्याऐवजी वही घेऊन जा आणि असं विचारा: ‘सर, ऋण संख्या आणि अपूर्णांक याले येत नाही असं आम्हाले घरी दिसलं. हे कोन करून घेईल? कोन्त्या दिवशी?’ नेमका प्रश्न आला की शिक्षकालाही नेमकं उत्तर द्यावं लागतं. बहुतेक शिक्षकांना असा पालक आवडतो, कारण असे पालक त्यांना फार थोडे भेटतात.

शाळेत उपचारात्मक अध्यापन नावाची गोष्ट असते. बोलीभाषेत तेच जादा तास. काही शाळांत ते मनापासून चालतात, काही शाळांत कागदावर. तुमच्या शाळेत चालू आहेत का, कोणत्या विषयाचे, शाळा भरण्याआधी की सुटल्यावर, आणि तुमच्या गावची एसटी त्या वेळेला सापडते का, हे चारही प्रश्न विचारा. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. पाचची गाडी चुकली तर दुसरी थेट साडेसातला असेल, तर मुलगी जादा तासाला थांबणार नाही आणि तिने थांबूही नये. अशा गावची पाच-सहा मुलं असतील तर पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा, तास सकाळी घ्या म्हणून. एकट्याच्या तोंडी विनंतीपेक्षा सहा सह्यांच्या अर्जाला वजन असतं.

शाळेत काम झालं नाही तर वर कोण असतं तेही माहीत असू द्या. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी, आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय (धारणी, पांढरकवडा, पुसद, देवरी, चिमूर, गडचिरोली, अहेरी, भामरागड वगैरे ठिकाणी ती आहेत). विज्ञानाचे सर दोन वर्षं नाहीत, अशा तक्रारीसाठी या दारांवर जावं. मुलाला कमी गुण दिले म्हणून जाऊ नये.

हजेरी विसरू नका. दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणामुळे ती कमी पडली तर डॉक्टरांचे कागद जोडून शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे सूट मागता येते. म्हणून दवाखान्याची चिठ्ठी फेकायची नाही.

चौथी पायरी: गुणांचं गणित समजून घ्या

दहावीचा भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि शाळेकडचे अंतर्गत गुण २०. गणिताचे दोन पेपर, भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० चे, आणि अंतर्गत २०. विज्ञानाचंही तसंच, तिथे २० गुण प्रात्यक्षिकाचे. पास व्हायला शंभरात ३५ लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण गटाने पास होण्याची सोय आहे, हे बऱ्याच मुलांना परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत कळत नाही. गणित आणि विज्ञान मिळून २०० पैकी ७० झाले आणि दोन्हींत किमान २५-२५ असले, तर मूल त्या गटात पास. तीन भाषांत मिळून १०५ आणि प्रत्येकीत किमान २५.

आता हिशेब करा. गणित आणि विज्ञानाचे अंतर्गत गुण मिळून ३० आले, तर चार लेखी पेपरांत मिळून ४० हवेत. म्हणजे पेपरी सरासरी १०. ‘मले गणित जमतच नाही’ म्हणणाऱ्या मुलासमोर हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, त्याचा चेहरा बदलतो. याचा अर्थ ३५ वर समाधान मानावं असा नाही. पण बुडणाऱ्याला आधी काठ दिसावा लागतो.

त्या अंतर्गत २० गुणांना हलकं घेणारी मुलं मला कळत नाहीत. प्रयोगवही पूर्ण करणं, तोंडीला हजर राहणं, गृहपाठ वेळेत देणं, एवढ्यावर ते उभे असतात. हे गुण हुशारीचे नाहीत, नेटाचे आहेत, आणि कच्च्या मुलाला तेच सगळ्यात स्वस्त पडतात.

लेखी पेपरासाठी सगळं पुस्तक एकदम उचलू नका. गणित भाग १ मध्ये संभाव्यता, सांख्यिकी आणि अंकगणिती श्रेढी ही प्रकरणं मागचं फारसं न येणाऱ्यालाही उचलता येतात. संभाव्यतेत तर नाणी, फासे आणि पत्ते यांपलीकडे फार काही नाही. भाग २ मध्ये भौमितिक रचना आधी घ्या. कंपास, पट्टी आणि टोकदार पेन्सिल एवढं असलं की हातातले गुण आहेत. मग पायथागोरस, मग महत्त्वमापनाची सूत्रं. समरूपता आणि वर्तुळाच्या सिद्धता नंतर, जमल्या तेवढ्या. शिक्षकाला हा क्रम पटला नाही तर त्यांचं ऐका, वर्ग त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. पण कुठला तरी क्रम ठरवा.

इंग्रजीची भीती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात अनाठायी. इंग्रजीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिकाच, आता अशी असते की उताऱ्यावरच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्याच उताऱ्यात पडलेली असतात. पूर्ण अर्थ कळला नाही तरी प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य पूर्ण वाचायचं आणि उत्तर उचलायचं. रोज एक उतारा, वीस मिनिटं. महिनाभरात फरक दिसतो. इंग्रजीचे निबंध पाठ करून घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पाचवी पायरी: शेतीचं पंचांग आणि परीक्षेचं पंचांग एकत्र मांडा

वावरातलं काम पोरांनी करूच नये असं कुणी म्हटलं तर ते शहरातून म्हणत असेल. पण कोणत्या महिन्यात किती, हे घरात बसून ठरवता येतं. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यातून रोवणी, सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळी वजा केली तर दहावीच्या वर्षात हाती फार थोडा वेळ उरतो. लेखी परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, प्रात्यक्षिक त्याही आधी, आणि कापसाचा दुसरा-तिसरा वेचा नेमका त्याच सुमारास.

करण्यासारखं एवढंच: सप्टेंबर-ऑक्टोबरात मदत घ्यायची तर रविवारी घ्या, डिसेंबरनंतर दहावीच्या पोराला वावरातून मोकळं करा. मिरची तोडायला तेलंगणात जाणारी घरं मुलांनाही सोबत नेतात. त्या वर्षी मूल आजीकडे, मामाकडे किंवा वसतिगृहात ठेवण्याची तजवीज दिवाळीतच करा. मोहफुलांचा हंगाम तर अगदी परीक्षेच्या शेवटी येतो. एक माणूस कमी पडेल, हे खरं.

घरातली जागा हाही प्रश्न आहे. एका खोलीत टीव्ही, चूल आणि पाहुणे. रात्री वीज जाते. अशा घरांसाठी ग्रामपंचायतीची खोली, समाजमंदिर किंवा शाळेचाच एक वर्ग संध्याकाळी उघडा ठेवायला लावणं शक्य असतं. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाखालच्या मागास तालुक्यांत काही शाळांना अभ्यासिका मिळाल्या आहेत, तुमच्या शाळेचं विचारून बघा. ग्रामसभेत विषय मांडा: एक दिवा, दोन सतरंज्या, रोज रात्री आठ ते दहा, आणि आळीपाळीने एक मोठा माणूस. एवढ्यावर अभ्यासिका चालते.

सहावी पायरी: फुकट मिळणारी साधनं

बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफच्या रूपात त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, मागच्या इयत्तांचीसुद्धा. पहिल्या पायरीत जिथे गाडी अडली ते सातवीचं प्रकरण तिथून उतरवून घ्या. पुस्तकातल्या धड्यांपाशी चौकोनी क्यूआर कोड छापलेले असतात. सरकारच्या दीक्षा ॲपमधून ते स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेलं त्या दिवशी उतरवून ठेवायचे आणि घरी बघायचे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दहावीसाठी प्रश्नपेढ्याही काढल्या आहेत, शाळेत सरांना छापून मागा.

मोबाइलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: फोन घरातल्या मोठ्या माणसाचा, अभ्यासाची वेळ ठरलेली, आणि बघायचा तो सगळ्यांसमोर बसून. एक व्हिडिओ बघितला की लगेच वहीत त्यावरची तीन गणितं. नुसतं बघून कुणी पोहायला शिकत नाही.

आणखी एक साधन आहे, ज्याला कुणी साधन समजत नाही. मागच्या वर्षी दहावी झालेली गावातली मुलगी. तिला पुस्तक ताजं आठवतं, कुठे अडतं ते माहीत असतं, आणि ती रागावत नाही. दोन-तीन मुलं तिच्याकडे रोज तासभर बसली तर तिला महिन्याला काहीतरी द्या, पाचशे का होईना.

सातवी पायरी: शिकवणी, आणि मुलाची ये-जा

एवढं करूनही लागली तर शिकवणी लावा, पण लावण्याआधी तीन गोष्टी बघा. एका वर्गात किती पोरं आहेत. साठ असतील तर ती दुसरी शाळाच झाली. शिकवणारा मागच्या इयत्तेचं घ्यायला तयार आहे का. आणि वर्षाची फी एकदम मागतो का. तसं असेल तर महिन्याच्या बोलीवर आणा. तुमच्या शाळेतलेच सर शाळेत नीट न शिकवता संध्याकाळी पैसे घेऊन शिकवत असतील तर ते नियमात बसत नाही, हे तुम्हाला माहीत असू द्या. आणि ‘परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, सेंटरवर आपली सोय आहे’ म्हणणाऱ्याच्या पायरीवरूनच परत फिरा. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून महाराष्ट्रात कायदा आहे. पोरगं सापडलं तर वर्ष त्याचं जातं, सोय करणाऱ्याचं काही जात नाही.

ये-जा करायला मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत आहे. मुलांना विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते. मानव विकासच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल आणि शाळेच्या वेळेची बस अशा दोन्ही सोयी आहेत. पास वेळेवर मिळत नसेल तर आगारप्रमुखांना भेटा. गाव फारच आडवळणी असेल तर समाजकल्याण आणि आदिवासी विकास या दोन्ही विभागांची तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहं असतात. त्यांचे अर्ज शाळा सुरू होतानाच भरावे लागतात, जात आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवून. दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत जूनमध्ये उभं राहू नका, एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या.

आठवी पायरी: एवढं करूनही राहिला तर

निकालाच्या दिवशी घरात काय बोललं जातं यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. मूल गप्प झालं, जेवेना, खोलीतून बाहेर येईना, ‘माझा काही उपयोग नाही’ असं म्हणू लागलं, तर एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आईबापांनीही तिथे फोन करायला हरकत नाही. आणि नापास झाली म्हणून अठराच्या आतल्या पोरीचं लग्न जमवायला कुणी निघालं, तर चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. तो शेजाऱ्यालाही फिरवता येतो.

आता कागदोपत्री रस्ते. गुण अनपेक्षितपणे कमी वाटले तर गुणपडताळणी करता येते, किंवा उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. मुदती अगदी थोड्या दिवसांच्या असतात, तेव्हा निकालाच्या दुसऱ्याच दिवशी शाळेत जा. छायाप्रतीचा आणखी एक उपयोग कुणी सांगत नाही: मूल कुठे चुकतं हे तिच्यावरून स्पष्ट दिसतं, पुढच्या तयारीला ती सरांसमोर ठेवा.

पुरवणी परीक्षा त्याच वर्षी, जून-जुलैच्या सुमारास होते. पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेची वाट पाहत वर्ष घालवू नका, अभ्यास ताजा असतो तेव्हाच पुरवणीला बसवा. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश घेता येतो. अकरावीची प्रवेशप्रक्रिया २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाली आहे, म्हणजे गावच्या कनिष्ठ महाविद्यालयासाठीही अर्ज ऑनलाइनच. कॉम्प्युटरवाल्याकडे फॉर्म भरताना पसंतीक्रम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

शाळा मध्येच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी देता येते. हा फॉर्म साधारण जुलै-ऑगस्टपासून ऑनलाइन सुरू होतो, उशीर केला की विलंब शुल्क. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा दुसरा रस्ता. तिथे वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा होते. एक-एक दोन-दोन विषय करत पाच वर्षांत पूर्ण करता येतं. राज्य मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण तिकडे जमा धरता येतात, उत्तीर्ण व्हायला ३३ लागतात. आजारी मुलांना किंवा काम करत शिकणाऱ्यांना हाच रस्ता बरा पडतो. मात्र त्याच्या नावाने ‘घरबसल्या पास’ विकणारे दलाल तालुक्यातालुक्यात आहेत. नोंदणी फक्त संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा मान्यताप्राप्त केंद्रावरच करा. हाताला काम आवडणारा पोरगा असेल तर आयटीआयला वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतो, जवळच्या संस्थेत जाऊन यादी बघा.

मंडळाचं काम पडलं तर नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांना नागपूर विभागीय मंडळ आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा यांना अमरावती. जाण्याआधी शाळेतून पत्र घ्या, नाहीतर शंभर-दीडशे किलोमीटर जाऊन ‘मुख्याध्यापकांमार्फत या’ हे ऐकून परत यावं लागतं. आणि एक काम आजच करून टाका: शाळेच्या रजिस्टरमधलं आणि आधारवरचं मुलाचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः ताडून बघा. फरक असेल तर दहावीचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्त करून घ्या, कारण गुणपत्रिका छापून आल्यावर तीच दुरुस्ती करायला मंडळाचे हेलपाटे पडतात.